आबांचा विसराळूपणा आणि गाडीचा सायलेन्सर

आमच्या पहिल्या गाडीबद्दल मी कुणाशी फारसं बोलत नाही. बोलायला लागले की राग येतो, आणि तो नेमका कुणावर काढायचा हे इतक्या वर्षांनीही ठरत नाही. गाडीवर काढून उपयोग नाही, ती कधीच भंगारात गेली. नवऱ्यावर काढावा तर तो तेव्हाच कान धरून मोकळा झाला. उरले मी. मी तेव्हा जळगावच्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवत होते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे माझी कीव करायची की मला नावं ठेवायची, ते वाचणाऱ्याने आपलं आपण ठरवावं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आम्ही मेहरूणच्या बाजूला दोन खोल्यांत राहत होतो. नवरा सरकारी कचेरीत होता आणि त्याला गाडीचं वेड होतं. नवी गाडी घेण्याची आमची ऐपत नव्हती, म्हणून त्याने धुळ्याच्या एका खताच्या दुकानदाराकडून त्याची जुनी पांढरी गाडी घेतली. त्या गृहस्थांनी वर्षानुवर्षं डिकीत युरियाच्या गोण्या वाहिल्या होत्या. डिकीतलं गोणपाट उचलून बघावं असं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. नवऱ्याने रंग बघितला, हॉर्न वाजवून बघितला, आणि पेढे घेऊनच घरी आला.

महिनाभरात एका गतिरोधकावर सायलेन्सरचा मागचा पाइप आपटला आणि निम्मा तुटून रस्त्यावर घासू लागला. धूर गाडीच्या मागे नेऊन सोडणारा तो शेवटचा तुकडा. नवऱ्याने जवळच्या दुकानातून करवत आणली, गाडीखाली आडवा झाला आणि लोंबणारा पाइप कापून बाजूला फेकला. मी म्हटलं, "अहो, मिस्त्रीला दाखवा ना." तो अंगावरची धूळ झटकत म्हणाला, "अगं, शेपटी होती ती. धूर इथून सुटला काय नि तिथून सुटला काय, बाहेरच जातो ना?" मला ते पटलं. विज्ञानाच्या बाईंना पटलं. गाडीचा आवाज थोडा घोगरा झाला, तो तर त्याला आवडायलाच लागला.

आता आबा. आबा म्हणजे माझे वडील. शिरपूरजवळच्या आमच्या गावात ते एकटे राहत. आई जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मी त्यांची एकुलती एक. ते प्राथमिक शिक्षक होते, आमच्या वस्तीतले पहिले. निवृत्त झाल्यावरही त्यांची शाळा काही सुटली नव्हती. रोज सकाळी विहाराच्या ओट्यावर ते वस्तीतल्या पोरापोरींना शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी गणित शिकवत. त्याचे पैसे घेत नसत, पण पाढे चुकले तर कुणाचीही गय नसे. स्वयंपाक स्वतः करत, धोतर स्वतः धूत. त्यांच्या जगण्याला तो ओटा पुरत होता, आणि ते मला ठाऊक होतं.

त्यांचा रक्तदाब तपासणं सुरू झालं तेव्हा मी हट्टाने जळगावचा डॉक्टर ठरवला. आमच्याकडे आता गाडी होती ना! शनिवारी पहाटे आम्ही निघायचो, चोपड्यावरून शिरपूरकडे जायचो, दुपारी जेवून आबांना घेऊन परत यायचो आणि संध्याकाळी दवाखाना गाठायचो. रविवारी पहाटे त्यांना पुन्हा गावी पोचवायचं.

एप्रिल-मे महिन्यात खानदेशात दुपारी गाडीने जायचं म्हणजे काय, ते तिथल्या माणसालाच माहीत. उघड्या काचेतून झळ अशी येते की डोळ्यांची पापणी भाजते. म्हणून आमच्याकडे सगळे करायचे तेच आम्ही केलं. पंचे आणि जुने टॉवेल पाण्यात भिजवायचे, खिडकीच्या वरच्या बाजूला अडकवायचे आणि काच गच्च वर चढवायची, म्हणजे पंचा आत लोंबत राहतो आणि गाडीत अंधारगार वाटतं. मी तर पाण्यात वाळ्याचं अत्तर टाकायची. माझी आणि मागच्या दोन्ही अशा तीन काचा बंद केल्या की आबांना मागच्या सीटवर उशी देऊन आडवं करायचं, कारण त्यांचे गुडघे दुखत. नवऱ्याची काच तेवढी उघडी असे. वळताना हात बाहेर काढून दाखवण्याची त्याची सवय होती. मी पुढेच बसायची. आबांची सोय किती छान केली, याचं मला फार समाधान होतं.

पहिल्या शनिवारी जळगावला पोचलो तेव्हा आबांना उठवावं लागलं. चेहरा लालसर झाला होता, पाय लटपटत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला आईच्या नावाने हाक मारली. मी घाबरले. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, मग सहज म्हणून वार विचारला. आबांनी मंगळवार सांगितला. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले तर ज्या माणसाने तीन पिढ्यांना वजाबाकी शिकवली तो छताकडे बघत बसला. डॉक्टर म्हणाले, "ऊन लागलं असेल. पण लक्ष ठेवा."

आम्हीही ऊनच धरून बसलो. ऊनच नाही तर काय? माझंही डोकं ठणकत होतं, नवऱ्यालाही मळमळत होतं, आणि मे महिन्यात खानदेशात डोकं दुखलं तर त्याला दुसरं नाव देतं कोण? कैरीचं पन्हं केलं, खिशात कांदा ठेवला, तळपायाला काशाची वाटी घासली. रविवारी पहाटेच्या गारव्यात सगळ्या काचा उघड्या टाकून त्यांना परत नेलं. गाव येईपर्यंत आबा नवऱ्याला शेतांच्या जुन्या वाटण्या सांगत होते, एकही नाव न चुकता. मला वाटलं, उतरलं ऊन.

दुसऱ्या खेपेला तेच, जरा जास्त. या वेळी तपासताना आबांना आपल्या गावाचं नाव आठवेना. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. सज्जन माणूस होते, हळू आवाजात बोलले. या वयात स्मरणशक्ती जायला लागते, आता त्यांना एकटं ठेवू नका, चूल, विहीर, रस्ता, काहीही होऊ शकतं. मी मान डोलावली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मला इतकं रडू आलं की नवऱ्याने रिक्षावाल्यांसमोर माझा हात धरला. एरवी त्याने असं कधी केलं नसतं.

गावी गेल्यावर मी शेजारच्या अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुन्हा आबाले काय व्हयेल शे? कालच मन्हा नातूले गणितवर झोडपं त्यासनी." मी त्यांचं ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, यांना काय कळतंय. शिकलेल्या माणसाला हा एक रोग असतो. मला तो जरा जास्तच होता.

आबांनी स्वतःही सांगितलं होतं. दुसऱ्या खेपेनंतर ओट्यावर बसून ते म्हणाले, "बेटा, घरमां माले काहीच व्हस नही. तुन्या गाडीमां बसनं का डोकं जड व्हस. पुढला वखत मी एसटीवर ई जासू."

मी चिडले. नाकावर राग हा माझा जन्मजात दागिना. "एसटीत? या उन्हात, उभ्याने? घरची गाडी दाराशी असताना लोक काय म्हणतील मला?"  आबांनी पुन्हा तो विषय काढला नाही, आणि मला वाटलं मी वाद जिंकला.

तिसऱ्या खेपेला आम्ही त्यांना कायमचं आणायला गेलो. सगळं ठरलं होतं. घराची किल्ली अक्कांकडे, ओट्यावरची शिकवणी बंद, आबांची खाट आमच्या पुढच्या खोलीत. पोरं ओट्याभोवती उभी होती. आबांनी त्यांना सांगितलं, "मी जळगावले जाई ऱ्हायनू. पाढा सोडू नका." त्यांचा आवाज जराही हलला नाही. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी उगाच नवऱ्यावर खेकसले की पंचे नीट पिळले नाहीत.

आबांची पुस्तकांची पेटी डिकीत मावेना, म्हणून ती पुढच्या सीटवर ठेवली. त्यामुळे त्या दिवशी पहिल्यांदाच मी मागे बसले. आबांचं डोकं मांडीवर घेतलं, भोवती ओले पंचे, वाळ्याचा वास. चोपडा मागे पडेपर्यंत माझं कपाळ आवळून आलं. मी ते दाबलेल्या रडण्यावर घातलं. मग झोप यायला लागली, साधी झोप नव्हे, अंगातलं बळ कुणी काढून घ्यावं तशी. धरणगावजवळच्या रेल्वे फाटकावर गाडी थांबली. फाटक बंद, पुढेमागे वाहनांची रांग. नवऱ्याने इंजिन चालूच ठेवलं, कारण आमची बॅटरी कमजोर होती, एकदा बंद केली की गाडी ढकलावी लागे. ही त्याची नेहमीची पद्धत होती.

पाचेक मिनिटांनी त्याने मागे वळून विचारलं, "आज वार कोणता गं? दवाखान्यात शनिवारची वेळ आहे ना?"

मला वार सांगता आला नाही. वार आहे, तो शब्द तोंडाशी आहे, पण हाताला लागत नाही. मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. तो पुन्हा काही म्हणाला, मला आवाज ऐकू आला, अर्थ लागला नाही. पुढचं मला तुटक आठवतं. खिडकीवर थाप पडली. दार बाहेरून उघडलं गेलं. मागच्या केळीच्या ट्रकचा ड्रायव्हर होता, गळ्यात रुमाल, तोंडात तंबाखू. "ताई, पहिले खाले उतरा. बाबाले बी उतारा." आणि नवऱ्याकडे बघून ओरडला, "ओ साहेब, गाडी बंद करा! बठ्ठा धूर मांगून गाडीमां जाई ऱ्हायना. मी कवाचा देखी ऱ्हायनू."

त्या दोघांनी आम्हाला ओढून कडुनिंबाखाली नेलं. फाटक उघडलं, गाड्या गेल्या, मागचे लोक शिव्या घालत वळसा घालून गेले. ड्रायव्हरने मात्र ट्रक बाजूला घेतला. मला वांती झाली, मग हळूहळू डोकं जागेवर आलं. डोकं दुखत होतं, पण वार सापडला. शनिवार. आबा झाडाला टेकून बसले होते. अर्ध्या तासाने त्यांनी डोळे नीट उघडले, आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, "हाई धरणगावनं फाटक शे ना?"

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी उशिरा शिकले, पण ही जेवढ्या लाजेने शिकले तेवढ्या लाजेने दुसरी कुठलीच नाही. एकच सीट, एकच दुखणं. तिच्यावर बसलेली मी अजून चाळिशीचीही नव्हते आणि मलाही वार सांगता आला नव्हता. आठवीच्या वर्गात दरवर्षी मी फळ्यावर लिहायची: कार्बन मोनॉक्साइड, रंग नाही, वास नाही, विषारी. पोरं एका सुरात म्हणायची. परीक्षेत हमखास दोन गुण. आणि तोच वायू मी वाळ्याचं अत्तर शिंपडून, काचा गच्च लावून, स्वतःच्या बापाला महिनाभर पाजत होते.

ड्रायव्हरने डिकी उघडायला लावली, गोणपाट उचललं. खाली पत्रा नव्हताच, चाळण होती. युरियाने गंजलेल्या भोकांतून रस्त्याची खडी दिसत होती. कापलेल्या पाइपाचं तोंड बरोबर त्याच्या खाली, आणि त्या सगळ्या जागेवर काजळीचा काळा थर. नवऱ्याने वाकून त्या काजळीला बोट लावलं. "धूर बाहेरच जातो ना," असं मी त्याला त्याच्याच शब्दांत ऐकवणार होते. ऐकवलं नाही. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि ते शब्द मलाही पटले होते.

ड्रायव्हरने आमची गाडी ढकलून सुरू करून दिली. पैसे विचारले तर हात जोडले आणि गेला. आम्ही पंचे तिथेच टाकले, चारही काचा उघड्या केल्या आणि भाजत भाजत जळगावला पोचलो. झळ तोंडावर घेत आबा बाहेरची शेतं बघत होते. दवाखान्यात आम्ही गेलोच नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री घरीच आला. म्हाताऱ्या माणसाने काम दाखवतानाही शिकवणीच घेतली. त्याने गाडी सुरू करवली, ओलं फडकं घेऊन पाइपाचं तोंड क्षणभर दाबलं आणि आम्हाला कान लावायला सांगितलं. इंजिनाजवळच्या सांध्यातून फुसफुस आवाज आला, म्हणजे तिथलंही पॅकिंग गेलेलं. "आवाज बदलला की गाडी बोलतेय असं समजायचं," तो म्हणाला. "आवाज घोगरा, सांध्यावर काजळी, आणि आत बसलेल्याचं डोकं दुखतं पण खाली उतरलं की बरं वाटतं, एवढं दिसलं की गाडी उभी करायची, माणसं बाहेर काढायची, मग बाकीचं." त्याने सांध्याचं पॅकिंग बदललं, नवा पाइप बंपरच्या पलीकडे निघेल असा बसवला, डिकीचा पत्रा वेल्डिंग करून बुजवला, डिकीच्या दाराचा फाटका रबर काढून नवा लावला. नवरा त्याच्या शेजारी उकिडवा बसून प्रत्येक नट बघत होता. त्यानंतर त्याने कुठल्याही गाडीखाली डोकं घातल्याशिवाय प्रवास केला नाही, भाड्याच्या गाडीखालीसुद्धा.

आबा आठवडाभर आमच्याकडे राहिले. पाचव्या दिवशी मी त्यांना पायी, सकाळच्या वेळी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी एकदाही विचारलं नाही की तुम्ही कशाने आलात." त्यांनी पुन्हा शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. आबा त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी करत थेट दोनपर्यंत आले आणि मग डॉक्टरांनाच म्हणाले, "आता तुम्ही तेरा-तेरा वजा करून दाखवा." डॉक्टर हसले, पण केलं नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आबा, गाडी आता अगदी नीट झाली आहे. रविवारी तुम्हाला गावी सोडतो आम्ही."

"एसटी," आबा म्हणाले. एवढंच.

या वेळी मी वाद घातला नाही. नवऱ्याने पेटी नंतर पोचवायचं कबूल केलं, आणि रविवारी सकाळी मी त्यांना एसटी स्टँडवर घेऊन गेले. शिरपूरची गाडी लागली होती. त्यांना खिडकीची जागा मिळाली. मी खाली खिडकीशी उभी राहिले.  म्हटलं, "आबा, माझं चुकलं. तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही. तुमचं घर बंद करायला निघाले होते."

आबांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला आणि खिडकीतून माझ्या हातात दिला. वहीचा कागद होता, घड्यांवर मळलेला. पहिल्या खेपेनंतर लिहिल्याचं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून तो रोज खिशात होता, आणि मला वाटत होतं त्यांना आपल्याला काय होतंय याचा पत्ताच नाही. शाळेच्या फळ्यावरच्या त्या सुबक, गोल अक्षरात वर माझं नाव होतं. त्याखाली लिहिलं होतं:

"ही आपली मुलगी. जळगावला असते, मेहरूणला. ओळख पटली नाही तरी हिच्याबरोबर जायचं. ओरडते, पण तेव्हा तिला भीती वाटत असते. तिच्यावर रागवायचं नाही."

कंडक्टरने घंटी दिली. मी कागद परत द्यायला हात वर केला, तर आबांनी तो हलकेच मागे सारला.

"ऱ्हाऊ दे तुन्याकडेच," ते म्हणाले. "माले पाठ शे."